‘कॉय’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थविचार

अँड्र्यू मार्व्हेल या सतराव्या शतकातील इंग्रज कवीची ‘टु हिज कॉय मिस्ट्रेस’ ही कविता इंग्रजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बहुधा सर्वत्र नेमली जाते. तिच्या मथळ्यातील चार शब्दांपैकी दोन शब्द मराठी विद्यार्थ्याची वाट चुकवितात. त्यांपैकी ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचा घोटाळा लवकर निस्तरतो. त्या काळी ज्या स्त्रीचे प्रियाराधन चालले असेल तिला हा शब्द लावीत. त्यात आजच्या ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा अपरिहार्य संबंध नव्हता, एवढे सांगितले की काम भागते. ‘कॉय’चे तसे नाही. ‘लाजाळू’ हा सोपा प्रतिशब्द वहीत उतरविला जातो आणि कवितेचा अर्थ तेथेच बिघडतो. कोश उघडून पाहणाऱ्यास ‘लाजण्याचे सोंग करणारी’ असा अधिक नेमका अर्थ सापडतो खरा. परंतु तो अर्थ घेतल्यास कविता दुसऱ्या बाजूने बिघडते. ती कशी, हे कळण्यासाठी या शब्दाचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

प्रथम उच्चाराबद्दल एक शब्द. मराठीत तो ‘कॉय’ असाच लिहावा. ‘कोय’ लिहिल्यास आंब्याची बाठ डोळ्यांपुढे येते.

‘कॉय’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमधील ‘कोइ’ हा लॅटिन ‘क्विएतुस्’ या विशेषणाचा अपभ्रंश होय. ‘क्विएतुस्’ म्हणजे शांत, स्वस्थ, विसावलेला. याच लॅटिन शब्दापासून इंग्रजीला पुढे ‘क्वाएट’, ‘क्विट’ आणि ‘क्वाइट’ हे शब्द मिळाले. एकाच मुळाचे शब्द निरनिराळ्या वाटांनी एका भाषेत येऊन पोहोचतात तेव्हा ते अर्थाची वाटणी करून घेतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. ‘क्वाएट’ने मूळचा शांततेचा अर्थ राखला, ‘क्विट’ने मोकळे होण्याचा घेतला, ‘क्वाइट’ क्रियाविशेषण होऊन ‘पूर्णपणे’ या अर्थाकडे गेला आणि ‘कॉय’च्या वाट्यास मनुष्यस्वभावातील एक अवघड कोपरा आला. फ्रेंचमध्ये मात्र ‘कोइ’ अद्याप मूळ अर्थानेच, म्हणजे ‘निःशब्द, स्तब्ध’ या अर्थाने, काही ठरावीक वाक्प्रचारांत वावरतो. फ्रेंच वाचणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजी अर्थ तेथे नेऊ नये.

या घराण्याचा एक दूरचा नातेवाईक मराठीतही आहे. लॅटिन ‘क्विएतुस्’ आणि फारसी ‘शाद’ हे शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. ‘विसावलेला’ यावरून ‘संतुष्ट’ आणि त्यावरून ‘आनंदी’ अशी अर्थाची वाट इराणी भाषांत झाली. ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’, आणि त्याचेच आपले ‘शाबास’. विद्यार्थ्याची पाठ थोपटताना ‘कॉय’च्या चुलत घराण्यातील शब्द आपण वापरीत असतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात असण्याचे कारण नाही. उलट ‘डीकॉय’ म्हणजे आमिष किंवा फसवा पक्षी, या शब्दाशी ‘कॉय’चे काही नाते नाही. तो डच भाषेतील ‘कोइ’ म्हणजे पिंजरा या शब्दाशी जोडला जातो, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कावेआ’त आहे. दोन्ही शब्दांत फसवणुकीची छटा असल्यामुळे ते सख्खे भाऊ वाटतात. हे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

‘शांत’ या अर्थापासून ‘लाजण्याचे सोंग करणारी’ या अर्थापर्यंत शब्द कसा गेला? मधली पायरी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये स्पष्ट दिसते. प्रास्ताविकात मठाधिकारिणीच्या स्मिताचे वर्णन करताना चॉसर ‘साधे’ आणि ‘कॉय’ अशी विशेषणांची जोडी वापरतो. ही जोडी त्याची स्वतःची नव्हे. फ्रेंच प्रणयकथांतील नायिकांच्या वर्णनात ती रुळलेली होती. संन्यासिनीला ती लावण्यात चॉसरचा सौम्य उपरोध आहे. पण ‘कॉय’ या शब्दात उपरोध नाही. तेथे त्याचा अर्थ ‘शांत, संयत’ एवढाच आहे. उपरोध उत्पन्न होतो तो शब्द कोणाला लावला आहे यावरून. याहून बोलके स्थळ ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या कथेपूर्वीचे आहे. यात्रेचा यजमान त्या अबोल पंडिताची थट्टा करतो, की तू नुकतेच लग्न होऊन भोजनास बसलेल्या नवरीसारखा ‘कॉय’ आणि गप्प घोड्यावर बसून चालला आहेस. येथे शब्दाचा अर्थ ‘गप्प’ असाच आहे आणि तो एका पुरुषाला लावलेला आहे. तथापि उपमेत नवरी आली आहे. गप्प बसण्याचा आणि लाजण्याचा सांधा या एका उपमेत जुळलेला दिसतो. नववधूचे मौन हे लाजेचेच असते हा समज मध्ययुगीन इंग्लंडात होता तसा महाराष्ट्रातही होता व आहे. म्हणून ही पायरी मराठी वाचकास समजावून सांगावी लागत नाही.

शेक्सपिअरच्या काळात शब्दाला आणखी एक धार आली. मौन हे लाजेचे असू शकते तसे ते तिरस्काराचेही असू शकते. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये पेत्रुकिओ कॅथरीनाला म्हणतो की तू उर्मट, ‘कॉय’ आणि घुमी आहेस असे माझ्या कानांवर आले होते. कॅथरीना ही लाजते असा आरोप तिच्या शत्रूनेही केला नसता. येथे ‘कॉय’ म्हणजे कोणास जवळ येऊ न देणारी, तुसडी. ‘व्हीनस अँड अडोनिस’ या १५९३ साली छापलेल्या काव्यात तर भूमिकाच उलटल्या आहेत. प्रणययाचना करणारी देवता आहे आणि ‘कॉय’ म्हणून जाब विचारला जातो तो तरुण अडोनिसला. त्याच्या नकारात सोंग अजिबात नाही. त्याला खरोखरीच शिकारीला जावयाचे आहे. ‘कोरिओलेनस’मध्ये हाच शब्द क्रियापद होऊन येतो. कोमिनिअसचे बोलणे ऐकण्यास कोरिओलेनसने आढेवेढे घेतले, असे वृद्ध मेनेनिअस म्हणतो, तेव्हा विषय प्रणयाचा नसून राजकारणाचा असतो. याच्या नेमके उलट ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये टिटानिया बॉटमच्या गाढवतोंडाचे गाल कुरवाळू पाहते तेथेही क्रियापद ‘कॉय’ हेच आहे. ‘शांत करणे, थोपटणे’ हा जुना अर्थ तेथे शिल्लक आहे. एकाच नाटककाराने एकच क्रियापद दूर सारण्यासाठी आणि जवळ घेण्यासाठीही वापरावे, यावरून त्या काळी हा शब्द किती सैल होता हे ध्यानात येईल.

आता महत्त्वाचा प्रश्न असा, की सोंगाचा अर्थ शब्दात केव्हा शिरला? सतराव्या शतकातील प्रयोग बारकाईने पाहिले तर तो अद्याप अनिवार्य झालेला नव्हता, असेच म्हणावे लागते. रॉबर्ट हेरिकच्या १६४८ च्या ‘हेस्परिडीज’ या संग्रहातील, कुमारिकांना उद्देशून लिहिलेल्या प्रसिद्ध कवितेत ‘कॉय’ राहू नका, वेळेवर लग्न करा असा उपदेश आहे. तेथे मुली लाजण्याचे नाटक करीत आहेत असा आक्षेप नाही. त्या टाळाटाळ करीत आहेत एवढाच आहे. यापेक्षा बळकट पुरावा मिल्टनचा. १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या चौथ्या सर्गात ईव्हच्या आदमविषयीच्या समर्पणाला मिल्टनने ‘कॉय’ हे विशेषण लावले आहे. हा प्रसंग पतनापूर्वीचा आहे. ईव्ह अद्याप निष्पाप आहे. कपट या वस्तूची तिला ओळखही नाही. ‘कॉय’ या शब्दात लबाडीचा अर्थ अंगभूत असता तर मिल्टनसारख्या शब्दाबाबत काटेकोर कवीने तो स्वर्गीय उपवनात येऊ दिला नसता. काही टीकाकारांना येथे ईव्हच्या भावी अपराधाची पूर्वसूचना दिसते. परंतु ती आजचा अर्थ मागे नेल्यामुळे दिसते, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्सनच्या कोशातही या विशेषणाचे अर्थ ‘विनयशील’ आणि ‘सहजासहजी सलगी करू न देणारा’ अशाच धर्तीवर दिलेले आहेत.

हे लक्षात ठेवून मार्व्हेलकडे वळावे. मार्व्हेल १६७८ साली वारला आणि ही कविता १६८१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तिची मांडणी तर्कशास्त्रातील अनुमानासारखी आहे. आपल्यापाशी अमर्याद काळ आणि अवकाश असता तर तुझा हा दुरावा अपराध ठरला नसता. परंतु काळ तर पाठीशी लागला आहे. म्हणून आताच प्रेम करू या. पहिल्या भागात प्रेयसीने गंगातीरी माणके वेचावी आणि प्रियकराने हंबर नदीच्या काठी विरहाचे रडगाणे गावे, अशी कल्पना आहे. हंबरकाठचे हल हे मार्व्हेलचे स्वतःचे गाव. तेथूनच तो पार्लमेंटात निवडून जात असे. गंगेचा उल्लेख पाहून भारतीय विद्यार्थी सुखावतो, पण येथे गंगा म्हणजे जगाचे दुसरे टोक, इतकाच अर्थ आहे.

या सबंध कवितेत ती स्त्री एक शब्दही बोलत नाही. ती लाजत आहे की रुसली आहे, की तिला हा मनुष्य मुळीच आवडत नाही, हे वाचकास कळण्यास कोणताही मार्ग नाही. ‘कॉय’ हे विशेषण तिचे मन सांगत नाही. तिच्याविषयी प्रियकराने केलेला दावा सांगते. मथळ्यातील ‘हिज’ या सर्वनामाने हे आणखी पक्के होते. ‘सोंग करणारी’ असा प्रतिशब्द वहीत लिहिला की विद्यार्थी त्या प्रियकराचा दावा वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो: तिच्या मनात होकारच आहे, ती वरवर नाही म्हणते. कवितेतील युक्तिवादाचा जोर पाहता असे नसावे, असेच वाटते. जिचा होकार ठरलेलाच आहे तिच्यापुढे कबर, कृमी आणि काळाचा रथ उभा करण्याचे प्रयोजन काय? म्हणून मार्व्हेलपुरता ‘दूरस्थ’ किंवा ‘सहज हाती न लागणारी’ असा अर्थ घ्यावा.

आजच्या इंग्रजीत मात्र ‘कॉय’ या शब्दात बनावाची छटा जवळजवळ कायमची आहे, आणि ती शेजारच्या शब्दांशी ताडून पाहिल्याने उठून दिसते. ‘शाय’ हा मुळात भित्र्या घोड्याला लावण्याचा शब्द. आपल्याकडेही घोडा बुजतो, आणि त्यावरूनच माणूस बुजरा ठरतो; दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरलेली आहे. ‘बॅशफुल’ म्हणजे ओशाळा, ज्याला चारचौघांत अवघडल्यासारखे होते. ‘मॉडेस्ट’ हा लॅटिन ‘मोदुस्’ म्हणजे माप या शब्दावरून आला आहे. त्यात मर्यादेचे भान आहे, भीती नाही. ‘डिम्युअर’ला मराठीतील ‘साळसूद’ हा शब्द बराच जवळचा, कारण दोहोंतही वरच्या सभ्यतेखाली काहीतरी वेगळे असल्याचा संशय असतो. ‘कोकेटिश’ म्हणजे नखरेल. ती पुढाकार घेते, ‘कॉय’ माघार घेते. पण ही माघार अशी असते की पाठलाग करणाऱ्याने थांबू नये. ‘शाय’ मनुष्याला कोणी पाहू नये असे वाटते. ‘कॉय’ मनुष्य आपण तोंड लपविलेले कोणी पाहिले की नाही, हे बोटांच्या फटींतून पाहत असतो. आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. ‘मी शाय आहे’ असे माणसे नेहमी म्हणतात. ‘मी कॉय आहे’ असे गंभीरपणे कोणी म्हणत नाही. हे विशेषण पाहणाऱ्याच्या तोंडचे आहे, आणि म्हणून प्रत्येक वेळी ते कोण कोणास लावीत आहे हे विचारणे आवश्यक ठरते.

मराठी प्रतिशब्दाचा शोध घेताना संस्कृत साहित्यशास्त्राकडे दृष्टी जाणे स्वाभाविक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेचे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त ते दहाच ठेवले, तर चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्यांची संख्या अठरांवर नेली. त्यांतील तीन आपल्या विषयाला लागू पडतात. प्रियकराने केश किंवा अधर ग्रहण केला असता अंतरी हर्ष होत असूनही बाहेरून त्रासल्याचा आविर्भाव करणे, हे ‘कुट्टमित’. हवी असलेली वस्तू प्राप्त झाली असताही गर्वाने तिचा अनादर करणे, हा ‘बिब्बोक’. आणि बोलण्याची वेळ आली असताही लाजेमुळे न बोलणे, हे ‘विहृत’. इंग्रजीने ज्या छटा एका ‘कॉय’मध्ये कोंबल्या त्या आपल्या शास्त्रकारांनी तीन नावांनी वेगळ्या केल्या: चॉसरची नवरी विहृताची, पेत्रुकिओने ऐकलेली कॅथरीना बिब्बोकाच्या आसपासची आणि आजची ‘कॉय’ कुट्टमिताची.

परंतु हे साम्य फार ताणू नये. कुट्टमित ही नटीने वठवावयाची एक चेष्टा आहे. अंतरी हर्ष आहे ही गोष्ट तेथे व्याख्येतच दिलेली असते. कवीने नायिकेचे मन प्रेक्षकांपुढे आधी उघडलेले असते, म्हणून तिच्या ‘नको’चा अर्थ प्रेक्षकाला निश्चित ठाऊक असतो. इंग्रजी विशेषणाला असा आधार नाही. तेथे अंतरीचा हर्ष हे पाहणाऱ्याचे अनुमान असते, आणि अनुमान चुकू शकते. रंगभूमीवरील निश्चिती व्यवहारात नेऊन प्रत्येक नकाराला कुट्टमित समजणे हा काव्याचा नव्हे तर वाचकाचा अपराध होय, आणि त्याची किंमत वाचकाला नव्हे, दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते.

मराठीच्या रोजच्या भांडारात जवळचा शब्द ‘लटका’ हा दिसतो. लटका राग, लटके रुसणे, तशी लटकी लाज. यात बनाव आहे, पण दुष्टपणा नाही. ‘लाडिक’मध्ये बनाव आहे पण माघार नाही. ‘मानभावी’ हा शब्द काही भाषांतरांत आढळतो, तो येथे वर्ज्य करावा. एक तर त्यात ढोंगाचा कडवटपणा फार आहे, आणि दुसरे म्हणजे महानुभाव पंथाच्या नावाचा तो द्वेषमूलक विपर्यास आहे. ‘मानिनी’ला ‘कॉय’च्या जुन्या अर्थाची प्रतिष्ठा आहे, मार्व्हेलच्या मथळ्यासाठी तोच शब्द त्यातल्या त्यात बरा, जरी मानिनीच्या रुसव्यामागे सहसा प्रियकराचा अपराध असतो आणि येथे तसा काही उल्लेख नाही.

हा शब्द केवळ काव्यात राहिला असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण पडले नसते. १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात डार्विनने प्राण्यांतील लैंगिक निवडीचे विवेचन करताना, नर बहुधा उत्सुक असतो आणि मादी, फार थोडे अपवाद सोडल्यास, कमी उत्सुक असते, असे सांगून मादीला ‘कॉय’ हे विशेषण लावले. प्रेमकवितेतील शब्द अशा रीतीने प्राणिशास्त्रात गेला आणि तेथे त्याने ठाण मांडले. १९४८ साली बेटमन याने फळमाश्यांवर केलेल्या प्रयोगांतून असा निष्कर्ष काढला की अधिक जोडीदार मिळाल्याने नराच्या संततीत भर पडते, मादीच्या फारशी पडत नाही. आणि डार्विनच्या विशेषणाला जणू गणिताचा आधार मिळाला. १९७६ च्या ‘द सेल्फिश जीन’मध्ये रिचर्ड डॉकिन्सने माद्यांच्या दोन काल्पनिक वर्तनपद्धतींपैकी एकीला ‘कॉय’ हेच नाव दिले. तेथे शब्दाचा अर्थ केवळ ‘दीर्घ आराधनेवाचून समागमास राजी न होणारी’ असा पारिभाषिक आहे. पण परिभाषा म्हणून घेतलेला शब्द आपले जुने सामान बाहेर ठेवून येत नाही.

या शब्दावरील मोठा आक्षेप भारतातील माकडांच्या अभ्यासातून निघाला, ही आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट आहे. सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन संशोधिकेने राजस्थानातील अबूच्या पहाडावर वानरांच्या, म्हणजे काळतोंड्या हनुमान लंगुरांच्या, टोळ्यांचे १९७१ पासून निरीक्षण केले. त्यावरील तिचा ग्रंथ १९७७ साली निघाला. तेथील माद्या टोळीबाहेरील नरांकडे स्वतःहून जाताना तिला दिसल्या. या वर्तनाची तिने दिलेली उपपत्ती अशी, की नवागत नर टोळीतील पिल्ले मारतात. अनेक नरांशी संबंध आलेला असल्यास पितृत्व अनिश्चित राहते आणि पिलाला संरक्षण मिळते. १९८६ च्या एका निबंधात तिने ‘कॉय मादी’ हे एक मिथक असल्याचे म्हटले. तिचा रोख असा होता, की माद्यांच्या अशा वर्तनाच्या नोंदी पूर्वीही झालेल्या होत्या, पण विशेषण आधी ठरलेले असल्यामुळे त्यांकडे अपवाद म्हणून पाहिले गेले. पुढे २०१२ साली गोवटी आणि तिच्या सहकाऱ्यांनी बेटमनचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा त्याच्या पद्धतीतच दोष असल्याचे त्यांना आढळले. माद्यांची निवड हा विषय यामुळे निकालात निघाला नाही. जातीजातींत फार फरक आहे असे आज मानले जाते. परंतु मार्व्हेलच्या प्रियकराने जे केले तेच थोर शास्त्रज्ञांच्या हातून झाले: न बोलणाऱ्याच्या वर्तनाला पाहणाऱ्याने नाव दिले आणि ते नाव निरीक्षण म्हणून पुढे चालले.

चालू इंग्रजी गद्यात, विशेषतः वृत्तपत्रांत, या विशेषणाचा वापर प्रणयाशी निगडित राहिलेला नाही. ‘अबाउट’ हे शब्दयोगी अव्यय जोडून ते ‘एखाद्या बाबतीत मुद्दाम मोघम राहणारा’ या अर्थाने येते. निवडणूक लढविणार काय, असे विचारले असता हसून विषय बदलणारा पुढारी, नफ्याचे आकडे सांगण्यास टाळणारी कंपनी, वय न सांगणारा नट, हे सर्व त्या त्या बाबतीत ‘कॉय’ असतात. येथे ‘रेटिसंट’ शब्द वापरल्यास केवळ मितभाषीपणा सूचित होतो. ‘कॉय’ म्हटले की सांगण्याजोगे काहीतरी आहे आणि ते सांगितले जाणारही आहे, असा लेखकाचा कयास त्यात येतो. मराठीत या अर्थी ‘आढेवेढे घेणे’ किंवा बोलीत ‘भाव खाणे’ हे नेमके बसतात. ‘लाजणे’ अजिबात नाही. हा प्रयोग अर्वाचीन म्हणून काही शुद्धिवादी त्याला नाक मुरडतात. त्यांनी मेनेनिअसचे उपरिनिर्दिष्ट वाक्य पुन्हा पाहावे.

साहित्यसमीक्षेत ‘कॉय’ हा दोषवाचक शब्द आहे. नाजूक प्रसंगापाशी येऊन लेखक डोळा मिचकावून पडदा पाडतो, तेव्हा त्याच्या शैलीला तो लावतात. ग्रिफिथने ऋग्वेदाच्या इंग्रजी भाषांतरात काही ऋचा मूळ मजकुरातून काढून परिशिष्टात लॅटिनमध्ये घातल्या. त्याला ‘प्रूडिश’ म्हणजे सोवळा म्हणावे, की ‘कॉय’? त्याने त्या ऋचा खरोखरीच दडवावयाच्या म्हणून लॅटिनमध्ये लिहिल्या असतील तर पहिला शब्द योग्य होय. पण लॅटिन परिच्छेद दिसला की नेमके कोठे पाहावयाचे हे त्या काळच्या विद्यार्थ्यालाही कळत असे.